पोथीवरचं टिंब कोणाचं?



श्रुतपंचमी जवळ आली की बस्तीतली कपाटं उघडतात. वर्षभर बांधून ठेवलेली वेष्टनं सुटतात, पानं एकेक करून उलटली जातात, कुठे कसर लागली आहे का ते पाहिलं जातं आणि पावसाळ्याआधी नव्या कापडात पुन्हा गाठ बसते. आपल्या आया-आज्यांनी हेच केलं. अलीकडे त्यात एका कामाची भर पडली आहे. पोथी उघडलीच आहे, तर तिचे फोटो काढून ठेवायचे. कुणाचा तरी मुलगा, पुतण्या, जावई कॅमेरा घेऊन येतो, दोन दुपारी बसतो आणि पेन ड्राइव्ह हातात ठेवतो. सगळे हात जोडतात. मीसुद्धा जोडले होते.

काम चांगलंच आहे, व्हायलाच हवं. पण माझं एक मत झालं आहे आणि ते मी आधीच सांगून टाकते. ज्या कॅमेऱ्याचा सेन्सर तपासलेला नाही, त्याने पोथीचा फोटो काढू नये. काढला आणि त्यावर डाग आले, तर ते डाग संगणकावर पुसू नयेत. सेन्सर पुसावा आणि फोटो पुन्हा काढावा. हे एवढ्या ठामपणे सांगायला कारण घडलं, म्हणून हा लेख.

माहेरच्या बस्तीतली ११२ पानांची एक हस्तलिखित पोथी. फोटो माझ्या भाच्याने काढले, लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याने. माझ्याकडे काम आलं ते पानांचे नंबर जुळवण्याचं, म्हणजे कोणत्या फाइलमध्ये पोथीचं कितवं पान, पुढची बाजू की मागची, एखादं राहिलं का, एखादं दोनदा आलं का. बी.कॉम. झालेल्या बाईला असली कामं देतात आणि मला ती आवडतात. दिंडोशीच्या घरात दुपारचं आवरून मी लॅपटॉप उघडून बसायची.

चौदाव्या पानावर 'जिनं' असा शब्द दिसला. वाक्य वाचलं तर ते 'हे जिना' अशी हाक मारणारं होतं, म्हणजे तिथे नुसतं 'जिन' हवं. लेखनिकाची चूक असेल म्हणून पुढे गेले. पंधराव्या पानावर अनुस्वार नको तिथे पुन्हा एक टिंब. सोळाव्यावर ते दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत. सतराव्यावर पुन्हा एका अक्षराच्या डोक्यावर. तेव्हा मात्र मी उठून मोजपट्टी आणली आणि चक्क पडद्याला लावली. प्रत्येक पानावर टिंब त्याच जागी. पान बदलत होतं, अक्षर बदलत होतं, टिंब जागचं हलत नव्हतं. लेखनिक बिचारा निर्दोष होता. टिंब कॅमेऱ्याचं होतं.

भाच्याला फोन केला. तो हसला. म्हणाला, "आत्या, सेन्सरवर धूळ बसली असेल. एवढं काय त्यात? सॉफ्टवेअरमध्ये एका फोटोवर पुसायचं आणि तेच सगळ्या फोटोंना लावायचं. दोन मिनिटांचं काम." दुसऱ्या दिवशी त्याने नवी फाइल पाठवली. खरंच, टिंब गेलं होतं. मीही खूश. मग सत्तेचाळिसाव्या पानावर 'ससार' दिसला.

त्या पानावर बरोबर त्याच जागी 'संसार' शब्दाचा खरा अनुस्वार होता. संगणकाला सांगितलं होतं की या जागी जे काळं दिसेल ते उडव. त्याने ते इमानाने उडवलं. संसार म्हणजे असार असं आपण लहानपणापासून ऐकत आलो आणि इथे 'ससार' म्हणजे सार असलेला! हसू आलं, पण पोटात गोळाही आला. कारण 'ससार' माझ्या डोळ्यांना खटकला. 'जिनं'चं 'जिन' झालं असतं, किंवा उलट, तर वाक्य तरीही व्याकरणात बसलं असतं आणि कुणाला कधी कळलंही नसतं.

ज्या श्रुतपंचमीच्या निमित्ताने आपण पोथ्या काढतो, तिचीच कथा आठवा. गिरनारच्या गुहेत आचार्य धरसेनांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना शिकवण्याआधी परीक्षा घेतली. दोघांना एकेक मंत्र दिला, एकात एक अक्षर जास्त, दुसऱ्यात एक कमी. मंत्र साधल्यावर देवता प्रकट झाल्या, पण एकीचे दात पुढे आलेले आणि दुसरी एका डोळ्याची. देवता विद्रूप नसतात, म्हणजे मंत्रातच दोष आहे, हे त्या दोघांनी ओळखलं. मंत्र शुद्ध करून पुन्हा साधना केली, तेव्हा देवता आपल्या खऱ्या रूपात आल्या. आमच्या पोथीचंही तेच झालं. धुळीने एक टिंब वाढवलं तेव्हा दात पुढे आले, सॉफ्टवेअरने एक टिंब कमी केलं तेव्हा डोळा गेला.

कुणी म्हणेल, त्या मुनींनीही मंत्र दुरुस्त केलाच ना, मग आम्ही संगणकावर केला तर बिघडलं कुठे? बिघडलं ते असं, की त्यांना मंत्राचं व्याकरण येत होतं. माऊस धरणाऱ्या भाच्याला पोथीतलं एक वाक्यही लागत नव्हतं. आणि त्यांनी दुरुस्ती केली ती दोष कळल्यावर, शंभर पानांवर एकदम न वाचता नव्हे.

आपल्या श्वेतांबर भगिनींना कुणालची कथा माहीत असेलच. हेमचंद्राचार्यांच्या परिशिष्टपर्वात ती आहे. राजकुमाराने आता शिकावं, म्हणून राजाने पत्रात 'अधीयउ' लिहिलं. सावत्र आईने काजळाचं एक टिंब वर दिलं आणि ते 'अंधीयउ' झालं. राजपुत्राने आज्ञा मानून आपले डोळे घालवले. काजळाचं टिंब काय आणि धुळीचं काय, वाचणाऱ्याला दोन्ही सारखीच.

आता हा सेन्सर म्हणजे काय ते थोडं सांगते, कारण मलाही सहासष्टाव्या वर्षी कळलं. जुन्या कॅमेऱ्यात जिथे फिल्म असायची, तिथे आता एक छोटी चकचकीत पट्टी असते. बऱ्याच कॅमेऱ्यांत ती साधारण २४ मिलिमीटर रुंद आणि १६ मिलिमीटर उंच, मोठ्या कॅमेऱ्यांत ३६ बाय २४. फिल्मच्या काळात प्रत्येक फोटोला नवा तुकडा पुढे सरकायचा, धूळ बसली तर एका फोटोपुरती. आता एकच पट्टी हजारो फोटो काढते. धूळ बसली की ती प्रत्येक फोटोत येणार.

आणि ती धूळ खुद्द सेन्सरवर नसते. सेन्सरच्या वर काचेचं पातळ आवरण असतं, त्यावर ती बसते आणि तिची सावली खाली पडते. लेन्सचं छिद्र मोठं ठेवलं तर सावली इतकी पसरते की दिसत नाही, म्हणून लग्नाच्या फोटोत, बाळाच्या फोटोत ती कळतच नाही. छिद्र लहान केलं की सावली घट्ट आणि काळी होते. पोथीचं सगळं पान कडेपर्यंत स्वच्छ यावं, म्हणून छिद्र लहानच ठेवतात आणि जुना कागद असतो फिकट, सपाट. म्हणजे ज्या कामात डाग सर्वांत जास्त दिसतो, त्याच कामाला आपण घरातला न तपासलेला कॅमेरा लावतो. मांगीतुंगीच्या १०८ फुटी ऋषभदेवांचा किंवा कुंभोज बाहुबलीच्या २८ फुटी मूर्तीचा तुमच्या घरातला फोटो काढून बघा. निळ्या आकाशात कुठे करडे, धुरकट गोल ठिपके असतील तर ते पक्षी नव्हेत.

नीट पाहिलं तर हा डाग शाईच्या अनुस्वारापेक्षा वेगळा असतो. कडा विरलेल्या, रंग करडा, आकार गोल. शाईच्या टिंबाला बोरूची धार असते. पण वाचायला सोपं जावं म्हणून फोटो निव्वळ काळा-पांढरा केला की तो फरक संपतो. आमच्या फाइलींचं तेच झालं होतं.

धूळ आणि चिकटा ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला सर्वांत उशिरा कळलं. खरं तर आधी कळायला हवं होतं, कारण पाठशाळेत तेच शिकवलं होतं. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी आस्रवाचे दोन प्रकार सांगितले. कषाय नसेल तर कर्म कोरड्या भिंतीवरच्या धुळीसारखं येतं आणि झडून जातं, तो ईर्यापथ. कषायाचा ओलावा असेल तर तीच धूळ चिकटून बसते, तो सांपरायिक. सेन्सरचंही अगदी तसंच. कोरडा कण हवेच्या एका झोताने उडतो. तेलकट ठिपका, शिंतोड्याचा वाळलेला डाग, बोटाचा घाम यांना झोत काही करत नाही. फोटोत कोरडा कण लहान, गडद दिसतो. तेलाचा ठिपका फिकट आणि कडेला उजळ कडं असलेला. ओलसर पुसण्याची फरफट लांबट पट्ट्यासारखी.

आणि चिकटा बाहेरूनच येतो असंही नाही. निकॉनचा डी ६०० कॅमेरा २०१२ मध्ये आला, तेव्हा नव्याकोऱ्या कॅमेऱ्यांच्या फोटोंत ठिपके वाढत जाताना लोकांना दिसले. शेवटी २०१४ मध्ये कंपनीने हमीची मुदत संपलेल्यांचेही शटर विनामूल्य बदलून दिले. आतल्या हलत्या भागांतून जे उडतं, त्याला खिडक्या बंद ठेवून काय उपयोग?

पण आपल्याकडे बाहेरची धूळ काही कमी नाही. इथे दिंडोशीत न्यायालयापासून चित्रनगरीच्या दिशेने उड्डाणपुलाचं काम निघालं, शिवाय जुन्या इमारती पाडून नवे टॉवर उभे राहत आहेत. सकाळी पुसलेल्या ग्रिलवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. बाजूला एवढं मोठं जंगल असूनही ही गत. बस्तीत आणखी वेगळी धूळ. अष्टगंध, हळद, चंदनाची पूड, धूप. हळदीच्या अभिषेकाच्या वेळी गाभाऱ्याच्या दारात उभं राहून लेन्स बदलणारा फोटोग्राफर मी डोळ्यांनी पाहिला आहे. आमच्या भाच्यानेही बहुधा तेच केलं असणार, तो कबूल करत नाही एवढंच.

तर मी त्याला सांगितलं, कॅमेरा घेऊन इकडे ये. तो आला. म्हणाला, सर्व्हिस सेंटरला देऊ, घरी हात लावायचा नसतो. हे मला अर्धं पटतं. ओरखडा आला तर खर्च मोठा, हे खरंच. ज्यांच्या हाताला कंप आहे, ज्यांना धीर नाही, त्यांनी जरूर बाहेर द्यावं. पण जो माणूस वर्षाला चारदा कॅमेरा बाहेर देणार नाही, तो कधीच देणार नाही आणि डाग तसेच राहतील. दहातल्या बहुतेक डागांना फक्त हवा लागते. ती द्यायला अभियंता कशाला? आणि दुसरं मनात आलं ते लिहूनच टाकते. दुधाची साय, पापडाची लाटी, रात्रीच्या पाण्याचं गाळणं, जिवाणी परत विहिरीत सोडणं, ही कामं ज्या हातांनी केली त्या हातांना "काकू, तुम्ही हात लावू नका" म्हणायचं?

आधी तपासणी. लेन्सचं छिद्र १६ किंवा २२ वर ठेवायचं, फोकस मुद्दाम बिघडवायचा आणि कोऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढायचा, काढताना कॅमेरा किंचित हलवायचा. भिंतीवरचा डाग पुसट होतो, सेन्सरवरचा जागीच राहतो. फोटो लॅपटॉपवर मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहायचा. आमच्या कॅमेऱ्यात एक नव्हे, तीन ठिपके निघाले. दोन पानांच्या बाहेर समासात पडत होते, म्हणून कुणाला दिसले नव्हते.

एक गंमत सांगते. फोटोत डाग वर दिसतो तेव्हा सेन्सरवर तो खाली असतो, कारण लेन्स चित्र उलटं पाडते. समोरून पाहणाऱ्याला डावं-उजवं मात्र तसंच राहतं. हे माहीत नसल्याने मी पहिले दहा मिनिटं भलत्याच कोपऱ्यात टॉर्च मारत होते.

मग कॅमेऱ्याची स्वतःची सफाई. ऑलिंपस कंपनीने २००३ मध्ये ई-१ कॅमेऱ्यात सेन्सरपुढची काच ध्वनीच्या कंपनाने झटकण्याची सोय आणली, पुढे इतरांनीही केली. मेनूमध्ये ते बटण असतं. दोन-तीनदा चालवायचं. कोरडा कण बऱ्याचदा तेवढ्यानेच पडतो.

नाही पडला तर हवा. पंखा बंद, फरशी अर्ध्या तासापूर्वी ओल्या फडक्याने पुसलेली, अंगावर सुती साडी, कारण सिंथेटिक कापड धूळ ओढतं. बॅटरी पूर्ण भरलेली हवी. आरशाच्या कॅमेऱ्यात मेनूमधून आरसा वर घ्यावा लागतो आणि मध्येच बॅटरी संपली तर तो हातावर खाली येईल. कॅमेऱ्याचं तोंड खाली करून धरायचं, म्हणजे सुटलेला कण बाहेर पडेल. रबरी फुग्याने खालून चार-पाच झोत. फुग्याची नळी आत घालायची नाही. आणि तोंडाने फुंकर कधीच नाही! आपण एरवीही फुंकर टाळतो, ते वायुकायाच्या जीवांसाठी. इथे वर थुंकीचे तुषार काचेवर बसतात आणि कोरड्या धुळीचा चिकटा होतो. डब्यातली दाबाची हवाही नको, तिच्यातून थंडगार द्रव उडतो आणि त्याचा डाग धुळीपेक्षा वाईट.

एवढ्याने आमचे दोन ठिपके गेले. तिसरा, तोच तो 'जिनं'वाला, गेला नाही. तो चिकटलेला होता. त्याला ओलं पुसणं भाग होतं आणि तिथे मी चुकले.

सेन्सरच्या रुंदीएवढीच पट्टी असलेली काडी मिळते, वेष्टनात बंद, एकदाच वापरायची. तिच्यावर लगेच उडून जाणाऱ्या द्रवाचे दोन थेंब घालायचे. मी पाच घातले. फोडणीचा हात! पुसलं, तर काचेवर कमानीसारखा ओघळ. घाबरून त्याच काडीने उलट पुसलं, मग आडवं, मग पुन्हा उलट. कडेला असलेलं काहीतरी तेलकट ओढून मध्यावर आणलं. तपासणीचा फोटो काढला तर ठिपका गेलेला आणि त्याच्या जागी पसरट पट्टा. भाचा काही बोलला नाही, पाणी प्यायला उठला. मला रात्री झोप लागली नाही. कॅमेरा त्याच्या पगारातला होता.

सकाळी सामायिक झाल्यावर डोकं शांत होतं. नवी काडी, दोन थेंब, थेंब पट्टीत मुरेपर्यंत थांबणं. देवघरातला दिवा शांत झाल्यावरच बसले, कारण तो द्रव पेट घेणारा असतो. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदाच, न थांबता, अलगद. मग काडी उलटी करून त्याच वाटेने परत. काडी टाकून दिली. एका जागी घासायचं नाही, परत फिरून तीच बाजू लावायची नाही. तपासणीचा फोटो कोरा निघाला. आमच्यातल्या कुणीच मोठ्याने काही म्हटलं नाही, पण भाच्याने दोनदा चहा मागितला.

काडी टाकताना मला पिंछीची आठवण झाली. मूलाचारात चांगल्या पिंछीचे पाच गुण सांगितले आहेत: धूळ न धरणं, घाम न धरणं, मृदुता, सुकुमारता आणि हलकेपणा. सेन्सर पुसायचं साधन घ्यायला गेलात तर हेच पाच गुण पाहा. आधी वापरलेलं साधन धूळ धरून असतं आणि तीच काचेवर ओरखडा काढते. बोट लागलेलं साधन घाम धरतं, मग पट्टे. त्या गाथेत या साधनाला 'पडिलिहण' म्हणजे प्रतिलेखन म्हटलं आहे. आज प्रतिलेखन म्हणजे नक्कल उतरवणं. एकाच शब्दात पाहून पुसणं आणि पाहून उतरवणं दोन्ही असावं, याचं मला फार बरं वाटलं. आदाननिक्षेपण समितीतही क्रम हाच आहे. वस्तू उचलण्याआधी डोळ्यांनी पाहायचं, मग पिंछी फिरवायची. न पाहता पुसणं तिथेही दोषच. (मंडळातल्या एका ताईंनी लगेच विचारलं की मग मोरपीसच वापरू का. नको! मोरपीस मुनींच्या हातातच शोभतं. ते काचेवर आपले तंतू सोडेल.)

म्हणून डाग नसताना उगाच "स्वच्छ असावं" म्हणून पुसणंही मला मान्य नाही. पितळेची भांडी दर शनिवारी घासायची सवय इथे लावू नका. तपासणीचा फोटो कोरा असेल तर झाकण लावून ठेवा. लेन्स बदलताना कॅमेरा बंद करा, तोंड खाली धरा, गाभाऱ्यात आणि उघड्या अंगणात बदलू नका. खरं तर पोथीचं काम संपेपर्यंत लेन्स बदलूच नका. मोबाइलने फोटो काढणाऱ्यांचा सेन्सर बंद असतो, तिथे फक्त बाहेरची काच मऊ कापडाने पुसायची. पण मोबाइल स्वतःच्या मनाने चित्र धारदार करतो, गुळगुळीत करतो. अक्षराच्या बाबतीत मला तो भरवशाचा वाटत नाही.

आता संगणकावर पुसण्याबद्दल, कारण मंडळात यावरूनच जास्त वाद झाला. हिशेबाच्या वहीत चुकीची नोंद झाली तर खोडरबर चालत नाही. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं की चूक तशीच ठेवायची आणि दुरुस्तीची वेगळी नोंद करायची, म्हणजे पुढच्या माणसाला दोन्ही दिसतात. आपले लेखनिक हेच करत. चुकलेल्या अक्षरावर ते पिवळी हरताळ फासत आणि वर बरोबर अक्षर लिहीत. दोनशे वर्षांनीही तो पिवळा पट्टा दिसतो आणि सांगतो की इथे हात फिरला आहे. पोथीच्या शेवटी कितीतरी लेखनिक लिहून ठेवतात की समोर जशी पोथी होती तशी उतरवली, दोष मला देऊ नये. सॉफ्टवेअरने पुसलेल्या जागी असा पिवळा पट्टा राहत नाही. बाजूचा कागद उचलून तिथे बसवला जातो आणि कागद इतका खरा दिसतो की शंकाच येत नाही.

नक्कल उतरवणं किती मोलाचं, हे धवला ग्रंथावरून कळतं. मूडबिद्रीच्या ताडपत्रांपलीकडे षट्खंडागमाची ही टीका वाचायला मिळत नव्हती. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्या खटपटीने १८९६ च्या सुमारास नक्कल सुरू झाली. ती करणाऱ्यांत मिरजेचे गजपती उपाध्ये होते. त्यांनी घरी कानडी लिपीत आणखी एक प्रत गुपचूप उतरवली आणि त्या कामात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा हात होता. ती प्रत बाहेर पडली, तिच्यावरून नागरी प्रती झाल्या आणि १९३९ मध्ये अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांनी धवलाचा पहिला भाग छापला. पुढे मूळ ताडपत्रांशी ताडून पाठभेदही दिले गेले. म्हणजे नक्कल होती, तरी ताडायला मूळ होतं. आपल्या गावच्या पोथीचं मूळ कसरीने संपलं की मागे फोटोच उरणार. ताडून पाहायचं कशाशी?

लक्ष्मीबाईंच्या हातून एखादं टिंब चुकलंही असेल, पण ते वाचत-वाचत चुकलं असेल. आपल्या कॅमेऱ्याला वाचता येत नाही, म्हणून त्याची काच तरी कोरी असावी एवढंच माझं म्हणणं.

आम्ही ११२ च्या ११२ पानं पुन्हा काढली. भाचा कुरकुरला, पण आला. या वेळी रोज पहिला फोटो कोऱ्या पांढऱ्या कागदाचा, शेवटचाही कोऱ्या कागदाचा, आणि ते दोन्ही पोथीच्या फोटोंसोबतच ठेवले आहेत. उद्या कुणाला एखाद्या टिंबाचा संशय आला, तर त्या दिवशीची काच कशी होती ते पाहता येईल. जुन्या, पुसलेल्या फाइली काढून टाकल्या. फक्त 'ससार'चं सत्तेचाळिसावं पान मी वेगळं ठेवलं आहे, मंडळात दाखवायला.

पोथीतली चौदाव्या पानावरची ओळ आता 'जिन' अशीच आहे. मात्र एकतिसाव्या पानावर एक टिंब अजून शिल्लक आहे, कोऱ्या कागदाच्या फोटोत नाही, म्हणजे ते पोथीवरच आहे. शाई की माशीचा डाग, ते मला भिंगातूनही ठरवता आलं नाही. ज्येष्ठात माहेरी जाईन तेव्हा वेष्टन सोडून पाहीन.